टोंगळा किती धरून ठेवावा

चंद्रपूर-गडचिरोलीकडे गुडघ्याला टोंगळा म्हणतात आणि सांधारोपण झालं की 'वाटी बदलली' असं सांगतात. खरं तर वाटी, म्हणजे गुडघ्यावरचं ते गोल हाड, या ऑपरेशनात बरेचदा जागच्या जागी राहतं. बदलतं ते मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचा माथा. एकावर धातूचं टोपण चढतं, दुसऱ्यावर धातूची बैठक बसते आणि दोघांच्या मध्ये प्लास्टिकची जाड चकती येते. पण शब्द लोकांनी रुजवला आहे, म्हणून या पुस्तिकेत मीही तो ठेवला आहे. पुस्तिकेचा विषय मात्र पहिल्यांदा वाटी बदलणं हा नाही. बदललेली वाटी निकामी झाली आणि पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली, तर त्या दुसऱ्या वेळी बसवायचा सांधा पायाला किती धरून ठेवणारा असावा, एवढा एकच प्रश्न इथे आहे. प्रश्न लहान दिसतो. माझ्या कामाची निम्मी वर्षं त्यात गेली आहेत.

मी चंद्रपुरात रुग्ण तपासतो आणि मोठी ऑपरेशनं नागपुरात करतो. वैनगंगेच्या काठच्या एका गावातली आजी माझ्याकडे आली ती मुलाच्या मोटारसायकलवर मध्ये बसून, मागे सून. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात तिची वाटी बदलली होती. त्यानंतर तीन ठिकाणी दाखवून झालं होतं आणि तिन्ही ठिकाणी एक्स-रे पाहून 'फोटो चांगला आहे, व्यायाम करा' असं सांगितलं गेलं होतं. फोटो खरंच चांगला होता. धातू चमकत होता, पाय सरळ होता, धातू हाडाला पक्का धरणाऱ्या सिमेंटला कुठे भेग नव्हती. आजीला विचारलं, नेमकं काय होतं? ती म्हणाली, "चढून जातो जी. उतरतानी टोंगळा पुढं पळते."

या एका वाक्यात निम्मं निदान होतं. पाय सरळ ठेवून मी दोन्ही बाजूंनी दाब देऊन पाहिला, घट्ट होता. मग तिला टेबलाच्या कडेवर बसवलं, पाय लोंबते सोडायला सांगितले आणि पोटरी दोन्ही हातांत धरून हळूच पुढे ओढली. नडगी बोटभर पुढे आली आणि टक् आवाज करून मागे गेली. "हेच ते," आजी म्हणाली. चार वर्षांत हे कुणी करून पाहिलं नव्हतं, कारण तपासणी आडवं झोपवून, सरळ पायावर होत होती आणि सरळ पायात तिला काही त्रास नव्हताच.

गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यात दोन फटी असतात. एक पाय सरळ असतानाची आणि एक पाय काटकोनात वाकलेला असतानाची. दोन्ही सारख्या भरल्या तर सांधा प्रत्येक कोनात स्थिर राहतो. आजीच्या मांडीच्या हाडावर बसवलेलं टोपण मापापेक्षा लहान होतं. सरळ पायात ते कळत नव्हतं, पण पाय वाकला की मागची फट मोकळी पडायची. पायरी उतरताना, खाटेवरून उठताना, गोठ्यातून वाकून बाहेर येताना सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो, आणि तिथेच तो तिला धरत नव्हता. सांध्यात पाणी साचत होतं तेही त्यामुळेच.

दुसरं ऑपरेशन लागेल म्हटल्यावर मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, सगळ्यात मजबूत असन ते टाका. पुन्हा पुन्हा नागपूरले येनं होत नाही."

त्याचं म्हणणं मला शब्दशः पटतं आणि तरीही त्याचं उत्तर 'नाही' असं द्यावं लागतं. ही पुस्तिका लिहायला बसलो ते त्या 'नाही'चं नीट कारण सांगण्यासाठी.

जुन्या घराचं दार डोळ्यांपुढे आणा. भिंत मातीची आहे आणि दाराला कुणी जाड, कणभर न डगमगणारी लोखंडी बिजागरी ठोकली आहे. वारा दाराला ढकलतो. बिजागरी काहीच सोसत नाही, म्हणून तो धक्का स्क्रूंमध्ये जातो, तिथून चौकटीत, चौकटीतून मातीत. दोन पावसाळे गेले की चौकटीभोवती भेग दिसू लागते. दार शाबूत, बिजागरी शाबूत, भिंत सुटलेली. सांध्याचंही असंच आहे. लिगामेंटं, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या बळकट पट्ट्या, शाबूत असतील तर चालताना येणारा आडवा झोक आणि पीळ त्या मऊपणे पेलतात, थोडं देतात, थोडं घेतात. लिगामेंटांचं काम धातूकडे दिलं की तो झोक धातू पुढे सिमेंटकडे ढकलतो आणि सिमेंट हाडाकडे. सांधा जितका जास्त धरणारा, तितका हाडाच्या पकडीवरचा ताण जास्त. आणि दुसऱ्या ऑपरेशनात हाड आधीच पोखरलेलं असतं. पहिला सांधा काढताना आणखी थोडं जातं.

हे धरणं पायरीपायरीने वाढतं. पहिल्या पायरीवरच्या सांध्यात रुग्णाचं मागचं क्रूशिएट लिगामेंट तसंच ठेवतात, बाकी सगळं त्याच्या स्वतःच्या लिगामेंटांवर सोपवतात. पुढच्या पायरीवर ते लिगामेंट काढून टाकतात आणि त्याच्या जागी चकतीच्या मधोमध प्लास्टिकची एक उभी खुंटी येते. पाय वाकला की वरच्या धातूतली आडवी दांडी त्या खुंटीला अडते आणि नडगी मागे घसरत नाही. डावी-उजवीकडचं झुकणं मात्र ही खुंटी अडवत नाही. तिसऱ्या पायरीवर खुंटी उंच आणि रुंद होते, वरच्या धातूच्या पेटीत जवळजवळ घट्ट बसते. मग पाय बाजूला झुकत नाही आणि पीळही फारसा घेत नाही. आतलं किंवा बाहेरचं लिगामेंट कमकुवत असेल, पण उरलेलं असेल, तिथे हा सांधा. शेवटी येतो तो हिंज, खरीखुरी बिजागरी. वरचा आणि खालचा भाग एका आसाने जोडलेला. आजच्या हिंजमध्ये खालचा प्लास्टिकचा भाग बैठकीवर फिरू शकतो, म्हणून पिळाचा काही भाग तो स्वतः घेतो. जुन्या हिंजमध्ये तेवढीही मुभा नव्हती.

खरं तर गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याची सुरुवातच बिजागरीने झाली. 1890च्या सुमारास बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी क्षयाने खाल्लेल्या गुडघ्यांत हस्तिदंताची बिजागरी बसवली. पुढे ती जंतुसंसर्गाने गेली. 1951मध्ये स्वीडनचे वाल्डियस यांनी आधी ॲक्रिलिकची आणि मग धातूची बिजागरी केली. 1970च्या आसपास फ्रान्समध्ये ग्वेपार नावाची बिजागरी आली. या सगळ्यांची कल्पना एकच होती, गुडघा म्हणजे दार आणि दाराला बिजागरी हवी. पण गुडघा दार नाही. तो वाकताना थोडा गोल फिरतो, थोडा घसरतो, आणि हे सगळं एका आसाभोवती बांधलं की ताण हाडात जातो. हिंज सैल होत गेले, संसर्गाचं प्रमाणही मोठं राहिलं. त्याच काळात न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि अभियंता पीटर वॉकर यांनी उलटा रस्ता धरला. फक्त झिजलेले पृष्ठभाग बदलायचे, स्थिरता रुग्णाच्या स्वतःच्या लिगामेंटांकडे ठेवायची. 1974मध्ये वापरात आलेला तो टोटल कंडायलर सांधा. खुंटीवाला सांधा त्याच घराण्यातला, 1978चा.

राणावत हे नाव महाराष्ट्राला वेगळ्या कारणाने माहीत आहे. ऑक्टोबर 2000मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांनीच पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं आणि जून 2001मध्ये उजव्याचं. त्या दोन बातम्यांनी 'वाटी बदलणं' हा शब्द ओसरीवरच्या गप्पांत आणला. आमच्याकडे त्याआधी म्हातारपणी टोंगळे जाणारच असं गृहीत होतं. त्यानंतर बल्लारपूर, राजुरा, भद्रावतीकडची खाणीतली, पेपर मिलमधली माणसं निवृत्तीनंतर वाटी बदलून घेऊ लागली. पाठोपाठ ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा इथली धानाची शेती करणारी घरं. त्या पहिल्या पिढीतले काही जण आता दुसऱ्यांदा दारात येत आहेत.

त्यांनी घाबरू नये म्हणून दोन आकडे इथेच देतो. 2019मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदवह्या तपासल्या होत्या. शंभरातले सुमारे ब्याऐंशी गुडघे 25 वर्षं टिकले. त्याच नियतकालिकातल्या 2017च्या ब्रिटिश अभ्यासात सत्तरीनंतर वाटी बदलणाऱ्यांपैकी सुमारे पाच टक्क्यांनाच उरलेल्या आयुष्यात दुसरं ऑपरेशन लागेल असं दिसलं, पण पन्नाशीच्या सुरुवातीला ऑपरेशन करून घेणाऱ्या पुरुषांत हा धोका पस्तीस टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून पन्नाशीतल्या माणसाला मी नेहमी सांगतो, अजून थोडं थांबता येत असेल तर थांबा. काठी घ्या, वजन उतरवा. पहिली वाटी जितकी उशिरा, तितकी दुसरीची वेळ येण्याची शक्यता कमी.

हे आकडे ज्या गुडघ्यांवरून आले ते खुर्चीवर बसणारे गुडघे होते. आमचे बसतात जमिनीवर.

आषाढ-श्रावणातली रोवणी ज्याने जवळून पाहिली आहे त्याला मी काय म्हणतो ते लगेच कळेल. बांधीत चिखल पोटरीपर्यंत. बाया ओळीने कमरेत वाकून पऱ्हे लावत मागे मागे सरकतात. पाऊल चिखलात रुतलेलं असतं आणि बाई पुढची मुठी घ्यायला अंगाने वळते. चप्पल घालून फरशीवर वळलं की पाऊल घसरून वळतं, चिखलात ते वळत नाही. मग तो पीळ घोट्यातून वर येतो आणि गुडघ्यात थांबतो. निसर्गाने दिलेला गुडघा असेल तर नडगी थोडी फिरते आणि पीळ संपतो. तिसऱ्या पायरीचा घट्ट खुंटीवाला सांधा असेल तर पीळ खुंटीत जातो, खुंटीतून बैठकीत, बैठकीतून हाडात घातलेल्या दांडीच्या टोकापर्यंत. परदेशी पाठ्यपुस्तकात सांध्याची निवड वय, वजन, हाड आणि लिगामेंट यांवरून सांगितलेली असते. मी त्यात एक प्रश्न घालतो. या वर्षी रोवणीला जाणार का? 'नाही' म्हणणाऱ्या बायांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. घरची बांधी असली की बाई बांधावर बसून राहत नाही, आणि तिने बसून राहावं असं मला म्हणवतही नाही.

उकिडवं बसण्याचं तसंच. चुलीपाशी, नळावर, मोहफुलं वेचताना, तेंदूची पुडकी बांधताना, संडासात. यांतलं संडासाचं काम सोडवता येतं. प्लास्टिकची कमोड खुर्ची मिळते आणि ती ऑपरेशनच्या आधी घरात पोचली पाहिजे, नंतर नाही. बाकीचं सोडवणं अवघड आहे. शरीरात बसवलेल्या सेन्सरवाल्या सांध्यांवरून मोजलेलं आहे की सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास भार येतो आणि पायऱ्या उतरताना साडेतीन पटींच्या जवळ. उकिडवं बसून उठतानाही भार मोठाच असतो. शिवाय खोल वाकलेल्या पायात उंच खुंटी पेटीच्या कडेला घासते. म्हणून मी घट्ट सांधा बसवलेल्या माणसाला 'खाली बसू नका' एवढंच सांगत नाही. कुठे बसावं लागतं हे विचारतो, आणि एकेका जागेसाठी काय करायचं ते सुनेशी बोलून ठरवतो. ऐकते ती सून. लेक असेल तर तीही, पण ती बहुधा सासरी असते.

या दोन जिल्ह्यांत निवड करताना आणखी काही गोष्टी आडव्या येतात आणि त्या पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला सहसा भेटत नाहीत. इथे हत्तीपाय आहे. सुजलेल्या, जाड कातडीच्या पायात गुडघ्याची जखम भरायला वेळ लागतो आणि जंतूंना वाट मिळते. सिकलसेल आहे, त्यात हाडाचा रक्तपुरवठा अधूनमधून तुटतो, हाडाचे भाग मरतात, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगितलं नाही तर ऑपरेशनच्या टेबलावर जीवावर बेतू शकतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. अशा हाडाला करवत लावली की ते दगडासारखं लागतं आणि तरी ठिसूळ असतं. यांतली प्रत्येक गोष्ट सांध्याच्या निवडीत उतरते. मेलेल्या किंवा ठिसूळ हाडात लांब दांडी ठोकून वर घट्ट बिजागरी बसवायची म्हणजे पुन्हा त्या मातीच्या भिंतीपाशीच यावं लागतं.

सांधा कोणता हे ठरवण्याच्या आधीचा एक टप्पा आहे आणि तो वगळून कुणी पुढे गेलं तर पुढचं सगळं वाया जातं. दुखणारा किंवा सैल झालेला प्रत्येक कृत्रिम गुडघा हा, उलटं सिद्ध होईपर्यंत, जंतुसंसर्ग झालेला आहे असं धरायचं. रक्तात ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारे आकडे, पाहायचे, आणि सुईने सांध्यातलं पाणी काढून पेशी मोजायच्या, त्यात जंतू वाढतात का ते पाहायला कल्चर लावायचं. आमच्या भागात इथेच घोळ होतो. गुडघा सुजला की गावातला डॉक्टर इंजेक्शनं देतो, पाच दिवस गोळ्या देतो. सूज थोडी उतरते. मग रुग्ण आमच्याकडे येतो आणि कल्चर कोरं येतं, कारण जंतू दबलेले असतात, गेलेले नसतात. सुई लावण्याआधी किमान दोन आठवडे अँटिबायोटिक बंद पाहिजे. रुग्ण तापाने फणफणलेला नसेल तर हे थांबणं परवडतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि आशाताईंना या पुस्तिकेतून एकच गोष्ट पोचवता आली, तर मी ही निवडीन. वाटी बदललेल्या गुडघ्याला सूज आली की गोळी देण्याआधी फोन करा.

संसर्ग निघाला तर बहुतेकदा दोन टप्पे करावे लागतात. आधी सगळं काढून औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा, काही आठवडे औषधं, मग नवा सांधा. ते मधले आठवडे कुठे काढायचे हा आमच्याकडचा मोठा प्रश्न आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि सिरोंच्याहून गडचिरोली गाठायलाच दोनशे किलोमीटर जावं लागतं. चातगावजवळ शोधग्रामात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं माँ दंतेश्वरी रुग्णालय आहे. ते बांधताना आदिवासींना विचारलं गेलं आणि त्यांनी आपल्या गावासारखं, सोबतच्या माणसांना राहता येईल असं रुग्णालय मागितलं. त्या मागणीतलं शहाणपण मला ठोकळा बसवलेल्या रुग्णांच्या वेळी नेहमी आठवतं. मांडीपासून पाय बांधलेली बाई नातेवाइकांशिवाय सहा आठवडे काढू शकत नाही. त्याच रुग्णालयात मुंबईचे डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी पाठीच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियांची शिबिरं घेत आले आहेत, त्यामुळे मोठी शस्त्रक्रिया जंगलापर्यंत नेता येते यात शंका नाही. तरीही बदललेला गुडघा पुन्हा बदलणं शिबिरात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिबिरात रुग्ण शोधावेत, तपासावेत, ऑपरेशननंतरची वर्षानुवर्षांची तपासणी करावी. ऑपरेशन मात्र जिथे सगळ्या पायऱ्यांचे सांधे एकाच वेळी टेबलाशेजारी ठेवता येतात तिथेच.

असं म्हणण्याचं कारण माझ्याच हातून घडलेलं आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी खाणीतून निवृत्त झालेले एक काका आले होते. सांधा झिजला होता, आतल्या बाजूचं लिगामेंट सैल होतं. सैल होतं, गेलेलं नव्हतं. गुडघा उघडल्यावर मला ते स्पष्ट दिसलं. तिथे तिसऱ्या पायरीचा सांधा पुरला असता. पण तो टेबलावर नव्हता. मी आधीच्या एक्स-रेवरून 'बहुतेक हिंजच लागेल' असं धरून फक्त हिंजची पेटी मागवली होती. मी हिंज बसवला. काका खूश होते, पाय लाकडासारखा भक्कम वाटतो म्हणायचे. सहाव्या वर्षी मांडीत दुखू लागलं. दांडीभोवती काळी रेघ दिसली, पुढच्या एक्स-रेत ती रुंद झाली. पुन्हा उघडलं तेव्हा मांडीचं हाड आतून पोकळ बांबूसारखं झालं होतं. तिसरं ऑपरेशन त्यांनी सोसलं, पण नंतर ते वॉकरशिवाय कधी चालले नाहीत. त्या दिवशी पेटीत एक सांधा कमी होता आणि तो मी मागवला नव्हता.

उलटी चूकही तितकीच वाईट. हिंजच्या भीतीने कमी धरणारा सांधा बसवून काही जण रुग्णाला पुन्हा लटपटत सोडतात. दोन्ही बाजूंची लिगामेंटं गेली असतील, आतलं लिगामेंट पूर्ण तुटलेलं असेल, मांडीच्या हाडाचं टोकच उरलेलं नसेल, किंवा पोलिओने मांडीचे स्नायू लुळे पडून पाय उलटा मागे वाकत असेल, तिथे बिजागरीच पाहिजे आणि ती न कचरता घ्यावी. वयाने थकलेल्या, फार न चालणाऱ्या माणसात तर हिंज हा अनेकदा दयेचा निर्णय असतो. एकदाच ऑपरेशन, लगेच उभं राहणं. हिंज वाईट नाही, गरज नसताना घेतलेला हिंज वाईट.

फिरून मुद्दा तोच येतो. आधी पहिला सांधा का गेला ते शोधा. टोपण वाकडं फिरवून बसवलं म्हणून गेला असेल, तर ते काढून नीट बसवा. त्यावर घट्ट खुंटी चढवून वाकडेपणा झाकू नका, तो खुंटीच झिजवून टाकील. फट भरली नाही म्हणून गेला असेल तर फट भरा. आधी नडगीची बैठक पक्की करा, मग वाकलेल्या पायातली फट टोपणाच्या मापाने आणि मागे धातूचे ठोकळे लावून भरा, शेवटी सरळ पायातली. हा क्रम मी तरुण डॉक्टरांना पाठ करायला लावतो, कारण दुसऱ्या ऑपरेशनात जुन्या खुणा नाहीशा झालेल्या असतात आणि सांध्याची रेघ कुठे होती हे मांडीच्या हाडाच्या बाजूच्या उंचवट्यावरून मोजावं लागतं. दोन्ही फटी सारख्या झाल्यावर हाताने पाय चारही बाजूंना झुकवून पाहा. मग जेवढं कमी पडेल, तेवढीच पायरी चढा. हाड कमी असेल तिथे पकड कोणत्या भागात घ्यायची याचाही विचार त्याच वेळी करायचा. सांध्याजवळचं हाड, त्याच्यावरचा रुंद भाग आणि लांब नळी, या तिन्हींपैकी किमान दोन ठिकाणी पक्की पकड मिळाली तर घट्ट सांधाही टिकतो. धातूचे सच्छिद्र शंकू आल्यापासून हे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपं झालं आहे.

खर्चाबद्दल थोडक्यात. 16 ऑगस्ट 2017 रोजी केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांवर कमाल किंमत लावली. कोबाल्ट-क्रोमचा नेहमीचा पहिला सांधा 54,720 रुपये, दुसऱ्या ऑपरेशनचा 1,13,950 रुपये, वर जीएसटी. पुढे हे आकडे सुधारले गेले, पण दोन्हींतलं अंतर साधारण तसंच राहिलं. त्याआधी हेच सांधे कितीतरी जास्त किमतीला विकले जात होते. ऑपरेशनच्या आधी रुग्णाच्या मुलाने कोणता सांधा, त्याची किंमत काय आणि तोच का, हे तीन प्रश्न विचारले तर डॉक्टरने रागावू नये. 'सगळ्यात महाग म्हणजे सगळ्यात मजबूत' ही समजूत दुकानातून आली आहे, दवाखान्यात ती आपणच मोडायची.

पुढच्या प्रकरणांत हे सगळं सावकाश, चित्रांसह येईल. रुग्णाच्या घरच्यांनी पहिली तीन वाचली तरी पुरे. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी संसर्गाचं प्रकरण सोडू नये. हाडांच्या तरुण डॉक्टरांसाठी शेवटची दोन आहेत, फटी मोजण्याची आणि पायरी निवडण्याची.

त्या आजीचं सांगायचं राहिलं. तिच्या सुनेने युरियाच्या धुतलेल्या थैलीत पहिल्या ऑपरेशनची फाईल गुंडाळून आणली होती. आतल्या एका पानावर सांध्याच्या खोक्यावरच्या चिकटवलेल्या चिठ्ठ्या होत्या, कडेने पिवळ्या पडलेल्या, पण कंपनी आणि माप वाचता येत होतं. त्या चिठ्ठ्यांमुळे त्याच कंपनीचं मोठ्या मापाचं टोपण मागवता आलं. नडगीवरची बैठक पक्की आणि सरळ होती, ती काढावी लागली नाही, हाड वाचलं. सगळ्या पायऱ्यांचे सांधे टेबलावर मांडले होते. मोठं टोपण, मागे दोन ठोकळे, नवी चकती, आणि पाय काटकोनात धरून ओढला तर नडगी जागची हलली नाही. खुंटी साधीच ठेवली. मुलाला मजबूत सांध्याची पेटी न उघडताच परत जाताना दिसली तेव्हा त्याने विचारलंच, आणि मी त्याला दाराची गोष्ट सांगितली.

घरी सोडताना नव्या चिठ्ठ्या मी त्याच पानाखाली चिकटवल्या आणि सुनेला म्हटलं, हे पान हरवू देऊ नका. ती म्हणाली, "सातबारा असते त्या पेटीत ठेवतो."